सात महिन्यांच्या बाळाला शेंगदाण्याचे कूट द्यावे की तीन वर्षे थांबावे?

प्रश्न : जुळे सोलापूर

नमस्कार. माझी मुलगी सात महिन्यांची आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत ती केवळ अंगावरच्या दुधावर होती आणि त्यानंतर आम्ही तिला मुगाचे वरण-भात, नाचणीची खीर, मऊ शिजवलेला भोपळा असे वरचे अन्न सुरू केले. आता घरात मतभेद झाले आहेत ते शेंगदाण्यावरून. सोलापूरच्या घरात शेंगा टाळणे किती अवघड असते, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. भाजीत कूट, भाकरीबरोबर चटणी, सणाला शेंगाची पोळी, आणि उपवासाच्या दिवशी तर शेंगदाण्यावाचून पानच हलत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की, भाकरी कुस्करून मऊ करावी आणि त्यात चमचाभर कूट घालून बाळाला भरवावे, कारण या घरातील सगळी मुले तशीच वाढली आहेत. माझ्या नणंदबाई मेलबर्नला असतात. त्यांच्या मुलाच्या वर्गात शेंगदाण्याचा पदार्थ डब्यात आणण्यास मनाई आहे, आणि तीन वर्षांची होईपर्यंत मुलीला शेंगदाणा देऊ नये, अ‍ॅलर्जी होते, असे त्यांनी निक्षून सांगितले आहे.

मला स्वतःला भीती वाटण्याचे कारण वेगळे आहे. मुलीच्या गालांवर आणि कोपराच्या लवणीत कोरडे, लालसर, खाज सुटणारे चट्टे आहेत. डॉक्टरांनी ते सौम्य इसब असल्याचे सांगून मलम दिले आहे. इसब असलेल्या मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी होण्याचा संभव अधिक असतो, असे मी वाचले. आमच्याकडे मालिश करायला येणाऱ्या मावशी घाण्यावरचे शेंगतेल वापरतात, त्याने काही बिघडते का, हेही विचारायचे आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. या विषयावरचे संशोधन नेमके काय सांगते आणि ते आपल्याकडच्या मुलांना कितपत लागू पडते, हे कोणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

उत्तर : पोषणवाचक

आपल्या नणंदबाईंनी सांगितलेला सल्ला त्यांनी मनाने रचलेला नाही. १९९८ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने आणि २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे अधिकृतपणे सांगितले होते. मात्र त्या सल्ल्यामागे मुलांवर केलेली एकही नीट चाचणी नव्हती. जे न खाल्ले त्याची अ‍ॅलर्जी होणार नाही, एवढाच तर्क होता. सल्ला पाळला जात असतानाही त्या देशांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वाढतच राहिली, आणि अखेर अमेरिकेने २००८ मध्ये व ब्रिटनने २००९ मध्ये तो मागे घेतला. सल्ला मागे घेतल्याची बातमी मात्र मूळ सल्ल्याइतकी पसरली नाही, म्हणून तो आजही फोनवरून सोलापुरापर्यंत पोहोचतो.

पुढची गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ज्यू मुलांची तुलना इस्राएलमधील ज्यू मुलांशी केली. वंश जवळपास एक, पण ब्रिटनमधील १.८५ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, तर इस्राएलमध्ये ते प्रमाण ०.१७ टक्के होते. फरक बाळांच्या खाण्यात दिसला. इस्राएलमध्ये शेंगदाण्याचा, तोंडात विरघळणारा कुरकुरीत खाऊ पहिल्या वर्षातच बाळाच्या हाती दिला जातो. आठ ते चौदा महिन्यांची तेथील मुले महिन्याला साधारण सात ग्रॅम शेंगदाण्याची प्रथिने खात होती, आणि ब्रिटनमधील बहुतेक मुले काहीच खात नव्हती. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, म्हणून याच गटाने पुढे चाचणी केली. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्ही असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे त्यांनी निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाने पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा पूर्ण टाळला. दुसऱ्याने आठवड्यातून किमान तीन वेळा मिळून सहा ग्रॅम शेंगदाण्याची प्रथिने खाल्ली. आरंभी त्वचेच्या चाचणीत प्रतिक्रिया न दिसलेल्या मुलांपैकी, टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी निघाली आणि खाणाऱ्या गटात १.९ टक्क्यांना. ज्यांच्या त्वचेवर आरंभीच थोडी प्रतिक्रिया दिसली होती, त्यांच्यात हे प्रमाण अनुक्रमे ३५.३ आणि १०.६ टक्के होते. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. याच मुलांचा पाठपुरावा २०२४ मध्ये छापून आला असून, लहानपणी शेंगदाणा खाल्लेल्या मुलांत, पुढे त्यांनी तो आवडीने खाल्ला असो वा नसो, किशोरवयातही अ‍ॅलर्जीचे प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी आढळले.

असे का होत असावे, याचे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण तुमच्या मालिशच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. पोटातून गेलेल्या अन्नाला शरीर आपले मानायला शिकते. तोच पदार्थ फाटलेल्या, दाह असलेल्या त्वचेतून आत शिरला तर शरीर त्याला शत्रू समजण्याचा संभव असतो. ज्या घरात शेंगदाणा रोज खाल्ला जातो, त्या घरातील धुळीतही त्याची प्रथिने असतात. अशा घरात बाळाच्या तोंडाला शेंगदाणा लागू द्यायचा नाही आणि इसबाच्या चट्ट्यांवर मात्र तो लागत राहतो, ही स्थिती सर्वांत वाईट. इंग्लंडमधील मुलांच्या एका मोठ्या पाहणीत, अंगावर पुरळ असताना शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लावलेल्या बाळांत पुढे ही अ‍ॅलर्जी अधिक आढळल्याचे २००३ साली नोंदवले गेले. घाण्यावरच्या, न शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनांचा अंश राहतो. म्हणून इसब असेपर्यंत शेंगतेलाची मालिश थांबवावी, त्वचा ओलसर ठेवावी आणि डॉक्टरांनी दिलेले मलम अर्धवट सोडू नये. मावशींना वाईट वाटेल, पण ते समजावता येते.

आता प्रत्यक्ष कसे द्यावे. अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, इसब तीव्र असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी ठाऊक असेल, तर आधी तपासणी करून मगच शेंगदाणा द्यावा; सौम्य वा मध्यम इसब असेल तर सहा महिन्यांच्या सुमारास घरीच सुरुवात करता येते. तुमची मुलगी दुसऱ्या प्रकारात बसते असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, परंतु सौम्य की तीव्र हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, त्यामुळे त्यांच्याशी एकदा बोलून घ्यावे. बाळाला सर्दी-ताप नाही असा दिवस आणि सकाळची वेळ निवडावी. शेंगदाणे नीट भाजून, साले काढून, पिठासारखे बारीक वाटावेत आणि ते पातळ खिरीत किंवा वरणभातात कालवावेत. प्रथम चमच्याच्या टोकावर येईल एवढेच चाटवावे, दहा मिनिटे पाहावे, काही झाले नाही तर उरलेले सावकाश भरवावे आणि पुढचे दोन तास बाळाजवळ राहावे. तोंडाभोवती किंवा अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, वारंवार उलट्या झाल्या, घरघर किंवा खोकला सुरू झाला, अथवा बाळ एकदम मलूल, निस्तेज पडले, तर घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे. तेथे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपचार असतो. चटणी मात्र देऊ नये. तिच्यातले तिखट आणि मीठ या वयाला चालत नाही.

उत्तर : सात रस्ता

वरील उत्तर उत्तम आहे, तरी त्यातील आकडे सोलापूरच्या मुलांवर जसेच्या तसे लावण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. ती चाचणी लंडनमध्ये, मुद्दाम निवडलेल्या, जास्त धोका असलेल्या मुलांवर झाली. ज्यांना इसब नाही आणि घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास नाही, अशा मुलांत टाळण्याजोगा धोकाच मुळात थोडा असतो, मग लाभही थोडाच दिसणार. ब्रिटनमध्येच केवळ अंगावर पिणाऱ्या १,३०३ सर्वसाधारण बाळांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, तिसऱ्या महिन्यापासून अ‍ॅलर्जी होऊ शकणारे सहा पदार्थ सुरू करण्याचा प्रयत्न केला गेला. सर्व मुले हिशेबात धरली असता दोन गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, कारण बऱ्याच पालकांना ठरलेले प्रमाण पाळणे जमलेच नाही. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये सल्ला बदलल्यावर वर्षाच्या आत शेंगदाणा खाणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून सुमारे ८९ टक्क्यांवर गेले, पण अ‍ॅलर्जी ३.१ वरून २.६ टक्क्यांवर आली, एवढाच बदल मोजता आला. नणंदबाईंनी आपला सल्ला ज्या देशातून दिला, तेथील अधिकृत सल्ला आता नेमका उलटा आहे, हे त्यांना प्रेमाने कळवावे.

आपल्याकडे अन्नाची अ‍ॅलर्जी कमी आढळते, हे खरे आहे. कर्नाटकातील शाळकरी मुलांच्या एका पाहणीत, लक्षणे आणि तपासणी दोन्ही जुळतील अशी अन्नाची अ‍ॅलर्जी, सर्व पदार्थ मिळून, ०.१४ टक्के मुलांत आढळली. पण याचे श्रेय बाळपणीच्या कुटाला द्यावे का? हवामान, घरातली माणसे, गुरेढोरे, पोटातील जंतू, शहरी राहणी अशी कितीतरी कारणे त्यात मिसळलेली आहेत. आशियात जन्मलेल्या आयांची, पण ऑस्ट्रेलियात जन्मलेली मुले तेथे शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीला अधिक बळी पडतात, असे तेथील अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा रक्तातच काही संरक्षण आहे, असेही म्हणता येत नाही.

सासूबाईंच्या बाजूनेही एक शब्द. ‘आमची सगळी मुले अशीच वाढली’ हा पुरावा नव्हे, हे आपण शिकलेली माणसे चटकन म्हणतो. परंतु इस्राएलची सगळी कथा अशाच एका साध्या निरीक्षणापासून सुरू झाली होती, आणि तीन वर्षे थांबा म्हणणाऱ्या तज्ज्ञांपाशी तेवढेही निरीक्षण नव्हते. माझा कौल द्यावे या बाजूने आहे, मात्र अ‍ॅलर्जी टाळण्याच्या आशेने नव्हे. घरचे, स्वस्त आणि कसदार अन्न म्हणून.

उत्तर : मार्केट यार्ड

मी डॉक्टर नाही. शेंगांच्या व्यवहारात आयुष्य गेले आहे, म्हणून वर कोणी न बोललेल्या गोष्टीविषयी लिहितो. बाळाला द्यायच्या शेंगदाण्यात बुरशी नसावी. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृताला घातक असून दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते. बेनिन आणि टोगो या आफ्रिकेतील देशांत लहान मुलांच्या रक्तातील अफ्लाटॉक्सिन आणि त्यांची खुंटलेली वाढ यांचा संबंध २००२ मध्ये दाखवला गेला होता. तेथील मुले मका आणि शेंगदाणा यांवरच वाढतात, हा भाग लक्षात ठेवावा. आपले जेवण त्याहून मिश्र आहे.

हे विष वखारीतच तयार होते असा समज आहे, तो अपुरा आहे. पीक भरण्याच्या शेवटच्या आठवड्यांत पावसाने ताण दिला आणि जमीन तापली, की शेंग मातीत असतानाच बुरशी आत शिरते, आणि आपल्या जिल्ह्यात असा ताण नवा नाही. काढणीनंतर शेंगा नीट न वाळवता पोत्यात भरल्या किंवा टरफल सहज फुटावे, दाण्याचे तुकडे होऊ नयेत म्हणून फोडण्यापूर्वी त्यांवर पाणी मारले, तर ती आणखी फोफावते. कच्च्या, पुढे प्रक्रिया व्हायच्या शेंगदाण्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम इतकी आहे; ती डोळ्यांनी मोजता येत नाही. भाजल्याने विष काही अंशी कमी होते, नाहीसे होत नाही.

घरी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे निवडणे. विषाचा बराचसा भाग थोड्याशा खराब दाण्यांत एकवटलेला असतो, त्यामुळे सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे, मोड आलेले किंवा किडलेले दाणे बाजूला काढले तर मोठा फरक पडतो. भाजून साल काढल्यावर आतल्या पाकळ्यांचा रंग पुन्हा एकदा पाहावा. चव कडवट किंवा खवट लागली तर तो घाणा टाकून द्यावा, चटणीत खपवू नये; आणि गुरांनाही घालू नये, कारण जनावराने खाल्लेले हे विष रूप बदलून दुधात उतरते. बाजारातून तयार कूट आणू नये, कारण दळल्यावर वाईट दाणा ओळखता येत नाही. बाळापुरते आठवडाभराचे कूट घरी करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे उत्तम. पावसाळ्यात तर त्याहूनही कमी करावे.

उत्तर : बालकक्ष

मी लहान मुलांच्या कक्षात परिचारिका आहे. अ‍ॅलर्जीपेक्षा मला या वयात अख्ख्या शेंगदाण्याची भीती अधिक वाटते. दाढा नसलेले मूल दाणा चावू शकत नाही. हसता-रडताना तो श्वासनलिकेत ओढला जातो, ओलाव्याने फुगतो आणि त्यातील तेलामुळे आजूबाजूला सूज येते. ठसका लागून थांबला, मूल खेळू लागले, म्हणजे संकट टळले असे घरच्यांना वाटते, आणि काही दिवसांनी एकाच बाजूच्या फुप्फुसात घरघर किंवा न्यूमोनिया घेऊन ते येतात. मग भूल देऊन दुर्बिणीने दाणा काढावा लागतो. म्हणून पाच वर्षांपर्यंत अख्खा किंवा अर्धा दाणा देऊ नये, जाडसर भरड कूटही बाळाला नको. घट्ट, चिकट गोळाही टाळूला चिकटतो, त्यामुळे कूट नेहमी पातळ पदार्थात कालवलेले असावे. हुरड्याच्या पार्टीत, वेळ अमावास्येला शेतात आणि गड्ड्याच्या जत्रेत मोठी भावंडे प्रेमाने बाळाच्या तोंडात दाणा कोंबतात. त्या वेळी घरातल्या एका मोठ्या माणसाने बाळावर नजर ठेवणे हाच उपाय आहे.

प्रश्नकर्त्या : जुळे सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालिशीचे तेल बदलते आहे आणि चट्ट्यांची तीव्रता दाखवण्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोन गोष्टी अजून विचारते. सुरुवात झाल्यानंतर आठवड्यातून नेमके किती कूट द्यावे, आणि एखाद्या आठवड्यात खंड पडला तर सगळे वाया जाते का? शिवाय अंडे नसल्याने सासूबाईंना वाटते की भाकरी आणि कूट एवढ्यावर बाळाचे पोषण पूर्ण होईल. ते बरोबर आहे का?

उत्तर : पोषणवाचक

चाचणीतील प्रमाण घरच्या भाषेत सांगायचे तर आठवड्याला सुमारे २५ ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे दोन-तीन लहान चमचे बारीक कूट, असे आठवड्यातून तीनदा. सोलापूरच्या घरात हे आपसूक होईल. आजारपणात किंवा प्रवासात आठवडा चुकला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र एकदा सुरू करून महिनोन्‌महिने बंद ठेवणे, विशेषतः इसब असलेल्या बाळात, योग्य नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि ते थोडे सविस्तर द्यायला हवे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास निम्मे वजन स्निग्धांशाचे असते. बाळाचे पोट लहान, पातळ पेज त्यात भरली की भूक संपते पण ऊर्जा पुरेशी जात नाही. तेथे चमचाभर कूट उपयोगी पडते. तीव्र कुपोषित मुलांसाठी १९९० च्या दशकात तयार झालेले उपचारात्मक अन्नही शेंगदाण्याची पेस्ट आणि दूध पावडर यांवरच उभे आहे. पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि शेंगदाण्यातही तो फारसा नसतो, त्यामुळे भाकरीची उणीव कूट भरून काढत नाही. ती भरून काढतात डाळी आणि दही-दूध. मुगाचे घट्ट वरण रोज ठेवावे आणि कूट त्याच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला द्यावे.

खरी चिंता लोहाची आहे. जन्माच्या वेळी मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, अंगावरच्या दुधात लोह अत्यल्प असते, आणि ज्वारी व शेंगदाणा यांतील लोह, त्यांच्यातील फायटेट नावाचा घटक ते बांधून ठेवत असल्यामुळे, शरीराला फार थोडे मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय नोंदवला गेला. त्या मानाने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ही आपल्याकडची फार लहान अडचण आहे. वरणात लिंबाचे चार थेंब पिळावेत, पालेभाजी शिजवून गाळून न घेता वाटून द्यावी, चहा एक घोटही देऊ नये, आणि वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य अन्न होऊ देऊ नये. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी सरकारी कार्यक्रमात लोह आणि फॉलिक आम्लाचे सिरप आहे. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असते आणि ते आठवड्यातून दोनदा द्यायचे असते. आशाताईंकडे चौकशी करावी आणि डॉक्टरांच्या भेटीत त्याचाही विषय काढावा. सिरप सुरू झाल्यावर शीचा रंग काळपट होतो, ते पाहून घरात कोणी ते बंद करू नये, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.